जूनचा गणवेश

नव्या गणवेशांच्या गठ्ठ्यात ईश्वरीचा गणवेश नव्हता.

“शिवायचा राहिला असेल,” तिचा बाप भानुदास म्हणाला.

दाभाडेबाईंनी टॅबलेट उघडला. जूनमध्ये पोरं केवढी होतील, हे सरकारी यंत्रणा दवाखान्यातल्या तपासण्यांवरून आधीच ठरवायची आणि त्या मापाचे गणवेश शाळेत यायचे. ईश्वरीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘जूनमध्ये गरज नाही.’

“शाळा बदलताय का तिची?”

“छे हो! ताप आहे नुसता. रक्ताचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे.”

बाईंनी टॅबलेट पालथा ठेवला. भानुदासनं तो उलटून ती ओळ वाचली.

तो म्हणाला, “कुणाचाही द्या, बाई. फक्त वाढत्या अंगाचा द्या.”