सैल सोडा

"मावशी, पाय सैल सोडा," तेजलने चौथ्यांदा सांगितलं.

"सोडलाय की!" कुसाबाई म्हणाल्या. तेजलने टाचेखाली हात घातला, तर पाय आपणहूनच वर आला. डॉक्टरबाईंना कशाला तसदी!

इंदिरानगरात तेजलचा ऑस्टिओपॅथीचा दवाखाना होता. सुई नाही, गोळी नाही, सगळी भिस्त दोन हातांवर. येणाऱ्या प्रत्येकाला ती न कंटाळता समजावायची, की शरीर सगळं मिळून एकच असतं. कंबर दुखते म्हणून दोष कंबरेतच असेल असं नाही. अडलेलं मोकळं केलं आणि विसावा मिळाला, की शरीर आपलं आपण सावरतं. कुसाबाईंची कंबर धरली होती, पण खरी गाठ बरगड्यांखाली होती. बाई पुरता श्वासच घेत नव्हत्या.

घोटीला घरी नवरा अंथरुणावर होता. तीन वर्षांपूर्वी भाताची पोती उतरवताना पडला, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. आज शेजारची सलिमा त्याच्याजवळ बसली होती, म्हणून कुसाबाईंना येता आलं होतं.

"पंधरा दिवस ओझं उचलू नका," तेजल सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

कुसाबाई हसल्या. "वझं कुठलं? नवरा तेवढा उचलते."

यावर तेजलकडे काहीच इलाज नव्हता. तिने उशाशी स्टूल ओढलं, दोन्ही तळवे कुसाबाईंच्या डोक्याखाली घातले आणि नुसती वाट पाहत बसली. या कामात घाई करून चालत नाही. बराच वेळ डोकं हातांवर टेकलेलं होतं खरं, पण भार काही देत नव्हतं. मग बरगड्या हलल्या, एक लांब श्वास आला आणि डोकं एकदम जड झालं. कुसाबाई चक्क घोरू लागल्या. तेजलला इतकं बरं वाटलं की तिचे हात भरून आले तरी तिने ते हलवले नाहीत.

दहा मिनिटं झाली असतील. कुसाबाई दचकून ताडकन उठून बसल्या.

"झोपले व्हय मी? त्याची कूस..."

पुढचं बोलता आलं नाही. कंबरेत पुन्हा उसण भरली होती. तेजलने पाठीवर हात ठेवला. सगळं परत होतं तसं, दगडासारखं.

"सलिमा आहे ना तिथे. अजून वेळ आहे मावशी, जरा आडव्या व्हा."

कुसाबाईंनी पदर सावरला. लोकांच्या घरी हातून काही फुटावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"चुकलं बाई माझं," त्या म्हणाल्या. "पुन्ना नाय सैल सोडनार."