दुसरा भोंगा

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर पहिली बाटली आली आणि ड्रमवाल्याच्या कपाळावर फुटली.

भादरलेल्या डोक्यांची पंधरा-वीस पोरं हॉलच्या मागून कोपरांनी वाट काढत पुढे घुसली. बँड थांबला नाही. इंग्लंडातल्या कव्हेंट्रीत स्का, म्हणजे जमैकाचं नाचाचं संगीत, वाजवायचं, तेही गोऱ्या-काळ्यांनी एका स्टेजवर, म्हणजे कुणी ना कुणी मारायला यायचंच. लॉइड हसऱ्या डोळ्यांनी ट्रॉम्बोनचा भोंगा फुंकत होता. तेवढ्यात कुणीतरी त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं.

तोंडावर बूट बसला. मग दुसरा. ओठ फाटून दातांत अडकला.

"वाजव की आता, काळ्या!"

पुढच्या रांगेतला एक गोरा पोरगा मध्ये पडला. लॉइड त्याला ओळखतही नव्हता. "सोडा रे, मरेल तो!" म्हणत त्यानं दोन्ही हात पसरले. सुऱ्याचं पातं एकदाच चमकलं. पोरगा लॉइडच्या अंगावर कोसळला. लॉइडला वाटलं, कुणी आपल्या पोटावर गरम चहा सांडला.

नील प्रायर. वय एकोणीस. रुग्णवाहिकेतच गेला. त्याच्या गावी त्याला पुरलं, तेव्हा लॉइड तारेनं बांधलेला जबडा घेऊन इस्पितळात पडून होता. जरा बरं वाटल्यावर त्यानं नीलच्या आईला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण चालू होतं. बँडनं तेच दुसरी तबकडी म्हणून काढलं. नाव 'दुसरा भोंगा', अर्पण नीलला. वेष्टनावर त्याच क्षणाचा फोटो. फोटो हललेला होता. एकही चेहरा नीट ओळखू येत नव्हता. पहिल्या तबकडीवर अख्खं शहर नाचलं होतं. हिला कुणी हात लावला नाही. नाचायला येणाऱ्यांना आरडाओरडा आणि फुटणाऱ्या काचा नको होत्या. वर्षभरात बँड मोडला. लॉइडच्या ओठांत फुंकायची ताकद राहिली नव्हती. तो गोल मार्केटमध्ये बर्नार्डच्या तबकड्यांच्या गाळ्यावर कामाला लागला.

"तुझा बँड बटाट्यांपेक्षा स्वस्त झालाय," बर्नार्ड म्हणायचा. "बटाटे निदान संपतात तरी!"

मग एका शनिवारी एक बाई आली. पन्नाशीची, करडा कोट, हातात कापडी पिशवी. स्वस्तातल्या खोक्यात 'दुसरा भोंगा'च्या चार प्रती होत्या. तिनं चारही घेतल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा आली, गाळ्यात मागे उरलेल्या सगळ्या घेऊन गेली.

तिसऱ्या खेपेला नव्यानं आलेली प्रत तिच्या हातात देताना लॉइडनं धीर करून विचारलं, "एवढ्या कशाला हो, बाई?"

तिनं वेष्टनावर बोट ठेवलं. "माझा मुलगा आहे या फोटोत," ती म्हणाली. "कुणीही येतं, हाताळतं. बघवत नाही मला."

नीलची आई, लॉइडच्या मनात आलं. तो काउंटरवर डोकं टेकून रडायला लागला, तेव्हा त्या बाईनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. तो तिला चहा पाजायचा. तबकडी दुसऱ्या गाळ्यांवर मिळाली, तर तिच्यासाठी राखून ठेवायचा.

जानेवारीत बँडचा फोटोवाला लंडनला निघाला. जाताना तो लॉइडला एक पाकीट देऊन गेला. आत हॉलमधलाच, त्यानं भीतीपोटी दडवलेला आणखी एक फोटो होता, निगेटिव्हसकट. हा हललेला नव्हता. नीलचे पसरलेले हात, समोर सुरा आणि सुरा धरणाऱ्याचा स्वच्छ चेहरा. लॉइड त्या रात्री दारूच्या गुत्त्यात एकाच माणसाजवळ हे बोलला, आणि चुकला.

दोन दिवसांनी मार्केटमागे तिघांनी त्याला धरलं. त्याचा डावा हात व्हॅनच्या दारात ठेवला.

"फोटो कुठाय?"

दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला.

"कुठाय?"

दार पुन्हा आपटलं. मग सायकलची साखळी निघाली. ती पाठीवर, मानेवर, कानावर बसत राहिली. शुद्ध जाईपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.

शनिवारी बाईनं त्याचा बांधलेला हात पाहिला आणि पांढरीफटक पडली. "कुणी केलं हे?"

"नीलला मारलं त्यांनीच. फोटो हवाय त्यांना." लॉइडनं तिला गाळ्याच्या मागच्या बाजूला नेलं, सदऱ्याच्या आतून पाकीट काढलं. "कुणाला दाखवला नाही अजून. पण तुमचा हक्क आहे."

तिनं फोटो उजेडात धरला. तिचा अंगठा सुरा धरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून फिरला.

"पोलिसांकडे का नाही गेलास?"

"इस्पितळातून सुटल्यावर गेलो होतो, तर मलाच दोन दिवस कोंडलं. म्हणे, मारामारी तूच सुरू केलीस."

"तुझं नाही ऐकणार ते," बाई हळूच म्हणाली. "आईचं ऐकतील."

ते खरंच होतं. लॉइडनं पाकीट तिच्या पिशवीत घातलं. त्या क्षणी त्याला इतकं हलकं वाटलं, की हाताची ठणक विसरायला झाली.

"मला माफ कर, बाळा," ती म्हणाली.

"माफी मी मागायची तुमची," लॉइड म्हणाला. "माझ्यापायी झालं सगळं."

ती बसनं घरी गेली. कोट न काढताच शेगडीशी बसली. आधी निगेटिव्ह टाकली. ती आक्रसली, वितळली आणि जळून गेली. मग फोटो. तो पुरता काळा होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले, अंडी तळली, दोन ताटं मांडली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

"गॅरी, खाली ये, जेवून घे. आणि तुझ्या दोस्तांना सांग, त्या पोराला आता हात लावायचा नाही."