दोन माळा

सुरभीच्या पीएचडीच्या खुल्या तोंडी परीक्षेला बियाणं कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. संशोधनाचा खर्च कंपनीचा, म्हणून करारावर बोट ठेवून त्यांनी तिच्या नोंदवह्या नेल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "या बियाण्यावर बोंडअळी जास्त येते म्हणता, पुरावा कुठे?" सुरभीचे हात रिकामे होते. मागच्या बाकावरून अल्लीपूरच्या अनुसयाबाई उठल्या. कपाशीचा प्रयोग त्यांच्याच वावरात झाला होता. त्यांनी पिशवीतून किडक्या बोंडांच्या दोन माळा काढल्या. "मले लिवता येत नाई, म्हून ओवत गेली. जागा दोन्हीले सारखीच. लांब माळ कंपनीच्या बियाण्याची, आखूड माह्या बियाण्याची." साहेब ताडकन उठले. "ही माहिती कंपनीची आहे!" "वावर माह्यं, मेहनत माही. म्या कुठीच सही केली नाई." सुरभीनं लांब माळेचं पहिलं बोंड चिमटीत धरलं. "एक." "दोन," म्हणत परीक्षकांनी पेन उघडलं.