दारावरचा आकडा

हेमांगीच्या दारावरच्या पितळी पट्टीवरचा साठ अंकी आकडा गेली चाळीस वर्षं अख्खी गल्ली वाचत होती, पण तो फोडणं कुणाच्या बापाला जमणार नाही, असं सगळेच म्हणत. रीतच तशी होती. लग्नात नवरानवरीने एकमेकांना न सांगता एकेक मूळ संख्या निवडायची आणि पट्टीवर फक्त गुणाकार कोरायचा. एक गेला की दुसऱ्याने तो आपल्या संख्येने भागायचा आणि येईल त्या संख्येने स्मृतिकेंद्रात जपलेली, गेलेल्याचा आवाज साठवलेली पेटी उघडायची.

नवऱ्याच्या, भालचंद्रच्या तेराव्यानंतर हेमांगी स्मृतिकेंद्रात गेली. तिने भागाकार केला, तर उत्तरात तिचीच संख्या आली.

“बाई, हा तर वर्ग आहे,” तिथले करमरकर चाचरत म्हणाले. “त्यांनी तुमचीच संख्या घेतली होती. वर्गमूळ काय, कुणीही काढतं. पेटी केव्हाच कुणीतरी रिकामी करून गेलंय.”

मांडवात भालचंद्रने हट्टच धरला होता, “तुझी संख्या कानात सांग ना.” आणि तिने लाजत सांगितली होती.

घरी येऊन तिने पट्टीवरून हात फिरवला. एवढ्या मोठ्या आकड्यात त्याचं असं काहीच नव्हतं. दोन्हीकडून तीच होती.