केचपसाहेब

"आई, तू रडू नकोस. फक्त ओवीला खाली आलेल्या काकांबरोबर पाठव," सृष्टी फोनवर म्हणाली आणि स्वतःच हुंदके देऊ लागली.

श्यामलाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. लेकीला धायरीजवळ टेम्पोने उडवलं होतं. तिचा फोन फुटला होता. हा नंबर दवाखान्यातल्या कुणाचा तरी होता. ऑफिसातले एक जण गाडी घेऊन कर्वेनगरच्या सोसायटीच्या फाटकाशी उभे होते.

"मीही येते."

"तू नको गं. तुला नाही बघवायचं. ऑपरेशनच्या आधी एकदा ओवीला बघू दे."

सहा वर्षांची नात ओवी सोफ्यावर चित्र रंगवत होती. तिला पाठवलं नाही आणि सृष्टीचं काही बरंवाईट झालं तर? आणि पाठवलं तर?

हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवतात, म्हणून घरात खुणेचा प्रश्न ठरला होता. ठरवला अर्थात श्यामसुंदर सरांनी, जाण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवाळीत. नवरा कसला, मास्तरच तो! इंग्रजी शब्दांची कुळं सांगणारी त्यांची भाषणं अजूनही कुणालाही मोबाइलवर ऐकता येतात. वर्गात लेकीलाही सवलत नव्हती. तिची पाचवीतली, भोपळा मिळालेली उत्तरपत्रिका त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावली होती. पुणेरी कौतुक, दुसरं काय!

त्या फ्रेमकडे बघत श्यामलाबाईंनी कसंबसं विचारलं, "केचपला केचप का म्हणतात?"



"आई, हे आत्ता?"

"आत्ताच."

"मूळ चिनी शब्द आहे. तिकडच्या एका बोलीतला के-त्सियाप. खारवलेल्या माशांचं पाणी. मलायामार्गे इंग्रजांकडे गेला. झालं समाधान?"

शब्दन् शब्द सरांचा.

"बरोबर," श्यामलाबाई म्हणाल्या. "त्यांना थांबायला सांग. हिला चपला घालते."

फोन ठेवून त्या दाराशी गेल्या. वरची कडी लावली, खालची लावली. ओवीला पोटाशी घट्ट धरलं आणि पोलिसांचा नंबर फिरवला.

भिंतीवरच्या उत्तरपत्रिकेत, लाल भोपळ्याशेजारी, सृष्टीच्या बाळबोध अक्षरातलं उत्तर होतं, घरात ठरलेलंही तेच: 'कारण केचप नावाच्या साहेबाने तो शोधला.'