रंगाचा दुसरा हात

जैतुनबीनं तिसरी बादली मनूच्या डोक्यावर ओतली. मेंदीचं पाणी आधी हिरवट, मग तांबूस होत मोरीतून निघून गेलं. पुंडलिकनगरात आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि त्यातलं निम्मं एका पोरीच्या डोक्यावर खर्ची पडत होतं. उद्या कन्नडहून पाहुणे मनूला बघायला येणार होते, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही.

परवा मनूनं चेहऱ्याला लावायच्या ब्लीचची चार पाकिटं कालवून केसांना फासली होती. बी.कॉम. झालेल्या पोरीला इतकी अक्कल नसावी! केस कुठं वाळल्या गवतासारखे पिवळे, कुठं विटकरी, मागं तर काळेच राहिलेले. तिची आई आशाबाई बघतच राहिली. तव्यावरची पोळी करपली तरी तिला कळलं नाही. गल्लीतली पार्लरवाली म्हणाली, वरून काळा डाय मारून टाका. पण जैतुनबी आशाबाईबरोबर शाळेत खिचडी शिजवायला लागण्याआधी तीस वर्षं हिमरू शालींचं सूत रंगवत होती. तिनं कपाळाला हात लावला.

"रंग उडालेल्या सुतावर एकदम काळं टाकलं की हिरवट मारतं, आशाबाई. पैले लाल द्यायचा. काळा त्याच्यावर."

आता लाल देऊन झाला होता. मनू खाली मान घालून पाटावर बसली होती. तिला केसांची धास्ती नव्हती, जैतुनबीच्या बोटांची होती. दोन महिन्यांपूर्वी डोक्यावर उजव्या अंगाला एक बट पांढरी झालेली तिला दिसली होती. खालची कातडीही पांढरी. डॉक्टरांनी कोड म्हणून सांगितलं. मनूनं ते घरात सांगितलं नाही. वडील गेल्यापासून आई फार खचली होती आणि या स्थळावर तिनं सगळा जीव लावला होता. ती बट सोडून बाकी सगळं डोकंच पिवळं केलं तर त्यात एक पांढरी बट कोण शोधत बसतंय, एवढंच मनूला सुचलं होतं.

जैतुनबी पंच्यानं केस टिपत टिपत पुढं आली आणि थांबली. सगळे केस तांबडे झाले होते. एकच बट फिकी होती, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. तिनं ती चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळूच ओढली. मग शेजारची ओढून पाहिली.

"जळालेला केस खरखरतो, बेटा. रंग घटाघटा पितो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "हा तर गुळगुळीत आहे. हा ब्लीचनं पांढरा झालेला नाय."

मनूनं तिचं मनगट धरलं. "खाला, आईला सांगू नका. पाया पडते तुमच्या. तिला नाही सोसायचं."

"माँ है तेरी."

"म्हणूनच."

पोरीची पकड सुटेना. जैतुनबीला तिची दया आली. तिनं मनगट सोडवून घेतलं, काळ्या रंगाची वाटी उचलली आणि मागच्या केसांपासून सुरुवात केली. मान झाली, कानामागचे केस झाले, माथा झाला. ती बट मात्र तिनं तशीच सोडली.

"झालं का व्हो, जैतुनबी?" आशाबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतच आलं."

"वाळल्यावर भांग डावीकडनं पाडा. मधून नगा पाडू."

जैतुनबीचा हात थांबला. मनूनं मान वर केली. काळ्या रंगाचा एक ओघळ तिच्या कपाळावर आला, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"डावीकडून का, आई?"

आशाबाई दारात आली. हाताला कणीक तशीच होती. ती मनूच्या डोळ्यांकडं बघत नव्हती, त्या बटेकडं बघत होती.

"पोळ्याच्या सणापासून मीच तर पाडत होते तुझा भांग डावीकडनं. तेल लावताना दिसलं. तव्हा नखाएवढंच होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? म्हणलं, तुला दिसूच नये. मग तू तेलच लावू देईना झालीस. तव्हा समजलं, तुला बी दिसलं."

मनूला रडू फुटलं. रागही आला, कुणाचा ते मात्र कळेना. दोन महिने त्या दोघी एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपत होत्या आणि एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होत्या.

जैतुनबी वाटी घेऊन उभी होती. कडेचा रंग वाळायला लागला होता आणि एकदा वाळला की तो केसाला धरत नाही.

"आशाबाई, या बटेवर काळं चढवू का?" तिनं शेवटी विचारलं. "दोन हात द्यावे लागतील. पण उद्यापुरतं निभेल. कुणाला दिसायचं नाय."

आशाबाईनं "चढवा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कणकेचे हात पदराला पुसत ती ओल्या फरशीवर मनूसमोर बसली.

"तिला इचारा," ती म्हणाली.