तेवढं बराबर दाखवलं

दीपमालाचा नवरा रामकिसन जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. रविवारी दुपारी दोघं सिनेमाला गेले. पडद्यावरच्या हिरोनं कोसळणारं पेटतं विमान हातांवर झेललं, थेटर शिट्ट्यांनी दणाणलं, अन् रामकिसन आपला जांभया देत बसला. शेवटी हिरो घरी आला. दार वाजवायच्या आधी त्यानं भाजलेल्या हातांवर बाह्या ओढून घेतल्या. रामकिसन एकदम सावरून बसला.

"कसा वाटला?" बाहेर आल्यावर दीपमालानं विचारलं.

"बाकी सगळ्या थापा. शेवटचं तेवढं बराबर दाखवलं."

ती थबकली. पंधरा दिवस झाले, भर मे महिन्यात हा माणूस लांब बाह्यांचा शर्ट घालूनच झोपत होता. डास चावतात म्हणे.

"मंग हात दाखवा," ती म्हणाली.